कॅटॅलिस्ट लावला, डोपिंग केलं, तरी फोटोकरंट हलत नाही: चार्ज सेपरेशन नेमकं कुठे अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सूर्यप्रकाशाने पाण्याचं विघटन करणारा इलेक्ट्रोड बनवायला एफटीओ काचेवर (वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक टिन ऑक्साइडचा लेप असलेली काच) स्पिन कोटिंगने बिस्मथ व्हॅनाडेट या सेमिकंडक्टरची फिल्म केली, त्यात ५ टक्के मॉलिब्डेनम घातलं (हेच डोपिंग), वरून कोबाल्ट फॉस्फेटचा कॅटॅलिस्ट लावला, तरी १.२३ व्होल्ट आरएचईला (म्हणजे रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजलेल्या व्होल्टेजला) प्रकाशातला करंट १ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपासच अडकलाय, जाडी वाढवली तर उलट कमी होतो, आणि आता चार्ज सेपरेशन वाढवायला अजून कशाने डोप करू?

माझं स्पष्ट मत सांगतो, अजून डोपिंग नको. आधी मोजमाप करा, म्हणजे चार्ज कुठे मरतोय ते कळेल. तुम्ही जे तीन बदल केलेत त्यातला प्रत्येक बदल वेगळ्या आजाराचा इलाज आहे आणि आजार कोणता ते अजून ठरलेलंच नाही. या विषयात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

फोटोकरंट हा तीन गोष्टींचा गुणाकार आहे. फिल्मने शोषलेल्या प्रकाशातून जास्तीत जास्त किती करंट मिळू शकतो, त्यातले किती होल (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडाला की मागे उरणारी धन चार्जची जागा) पृष्ठभागापर्यंत जिवंत पोचतात (हेच सेपरेशन), आणि पोचलेल्यांपैकी किती खरंच पाण्याचं ऑक्सिडेशन करतात (याला इंजेक्शन किंवा ट्रान्सफर म्हणतात). बिस्मथ व्हॅनाडेटची बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण ५१५ नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश कामाचा, आणि त्यातला प्रत्येक फोटॉन वापरला गेला तरी एक सूर्य प्रकाशात वरची मर्यादा साधारण ७.५ मिलिअँप. तुमचा १ कुठे आणि ७.५ कुठे, मधले साडेसहा यांपैकी कुठल्या पायरीवर गळतात ते शोधायचंय.

त्यासाठी सल्फाइटची टेस्ट करा. फॉस्फेट बफरमधे सोडियम सल्फाइट घातलं की पृष्ठभागावर आलेला होल ते लगेच खाऊन टाकतं, त्यामुळे इंजेक्शन जवळपास १०० टक्के धरता येतं आणि मग जो करंट दिसतो तो फक्त शोषण गुणिले सेपरेशन. पाण्यातला करंट भागिले सल्फाइटमधला करंट म्हणजे इंजेक्शन, आणि सल्फाइटमधला करंट भागिले शोषलेल्या प्रकाशाचा करंट म्हणजे सेपरेशन. हेमाटाइटला (आयर्न ऑक्साइड, या कामात वापरला जाणारा दुसरा ऑक्साइड) हीच टेस्ट हायड्रोजन पेरॉक्साइडने करतात.

टेस्ट सोपी आहे पण तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिलं, सल्फाइट घातल्यावर पीएच परत मोजायचा, कारण सोडियम सल्फाइट अल्कलाइन आहे, पीएच वर सरकतो, आणि आरएचईचं रूपांतर जुन्याच पीएचने केलं तर दर पीएचमागे ५९ मिलिव्होल्टची चूक आत येते आणि दोन कर्व्हची तुलनाच बिघडते. दुसरं, टेस्ट कॅटॅलिस्ट न लावलेल्या फिल्मवर करायची, नाहीतर सेपरेशन मोजताय की कॅटॅलिस्टचा परिणाम हे सांगता येत नाही. तिसरं, शोषण काढताना नुसतं ट्रान्समिशन घेऊ नका, इंटिग्रेटिंग स्फिअरमधून ट्रान्समिशन आणि रिफ्लेक्शन दोन्ही घ्या आणि एफटीओ स्वतः जेवढं खातं तेवढं वजा करा. बिस्मथ व्हॅनाडेटची फिल्म प्रकाश बराच विखुरते, विखुरलेला प्रकाश शोषला गेला असं समजलं की शोषण जास्त दिसतं आणि सेपरेशन उगाच कमी.

तुमच्या माहितीवरून माझा अंदाज असा की सल्फाइटमधेही करंट फार वर जाणार नाही. कोबाल्ट फॉस्फेट लावून काहीच फरक पडला नाही यावरूनच ते दिसतंय, पृष्ठभागावर होल साचून मरत असते तर त्याने काहीतरी उचल नक्की दिली असती. बिस्मथ व्हॅनाडेटवर कोबाल्ट फॉस्फेट मुख्यतः पृष्ठभागावरचं रिकॉम्बिनेशन (इलेक्ट्रॉन आणि होल परत एकत्र येऊन वाया जाणं) दाबतं, रिअॅक्शन जोरात चालवतं असं नाही, हे २०१७ मधे फान डे क्रोल यांच्या ग्रुपने मॉड्युलेटेड प्रकाशाच्या मोजमापांतून दाखवलं होतं. म्हणजे होल पृष्ठभागापर्यंत येतच नसतील तर वर कितीही चांगला कॅटॅलिस्ट असू दे, त्याला कामच नाही.

आता मुख्य गोष्ट. फिल्मच्या आत काय होतं हे कळायला तीन लांब्या शेजारी शेजारी लिहा: प्रकाश किती खोल शिरतो, होल मरण्याआधी किती लांब जाऊ शकतो, आणि इलेक्ट्रोलाइटच्या बाजूचं इलेक्ट्रिक फील्ड किती आत पसरलंय, म्हणजे डिप्लिशन लेयरची रुंदी. ही रुंदी अधिक होलची डिफ्यूजन लेंग्थ (म्हणजे वरची दुसरी लांबी), एवढ्या पट्ट्यात जो होल जन्मला तो वाचतो, त्याच्या मागे जन्मलेला बहुतेक वाया जातो. गार्टनरने १९५९ मधे मांडलेल्या मॉडेलचं सार हेच, आणि आजही पहिला अंदाज बांधायला ते पुरतं.

बिस्मथ व्हॅनाडेटमधे चार्जची मोबिलिटी (फील्डमधे तो किती सहज सरकतो) ०.०४ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट सेकंदच्या आसपास मोजली गेलीये, सिलिकॉनमधे इलेक्ट्रॉनची हजाराच्या वर असते, म्हणजे फरक केवढा आहे बघा. पण आयुष्य ४० नॅनोसेकंदच्या आसपास, जे ऑक्साइडच्या मानाने बरंच लांब आहे. दोन्ही मिळून डिफ्यूजन लेंग्थ साधारण ७० नॅनोमीटर येते. हेमाटाइटमधे होलसाठी २ ते ४ नॅनोमीटर हाच आकडा वापरला जातो आणि ५५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषायला तिथे शंभराच्या वर नॅनोमीटर लागतात, त्यामुळे हेमाटाइटमधे सपाट फिल्म ठेवून सेपरेशन मिळणं जवळपास अशक्यच. बिस्मथ व्हॅनाडेटमधे परिस्थिती तितकी वाईट नाही, पण प्रकाश नीट शोषायला काही शे नॅनोमीटर लागतात आणि होल ७० च जातो. जाडी वाढवल्यावर करंट का पडला याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं मॉलिब्डेनममधे. ५ टक्के म्हणजे नेमकं किती ते मोजून बघू. बिस्मथ व्हॅनाडेटमधे एका घन सेंटिमीटरमधे व्हॅनेडियमचे साधारण १.३ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू असतात. त्यातल्या ५ टक्के जागी मॉलिब्डेनम बसलं आणि प्रत्येकाने एक इलेक्ट्रॉन दिला तर डोनर डेन्सिटी (दर घन सेंटिमीटरमधे इलेक्ट्रॉन देणारे अणू) ६.५ गुणिले १० चा २० वा घात. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ६८ धरला आणि बँड बेंडिंग १ व्होल्ट, तर डिप्लिशन लेयर फक्त साडेतीन नॅनोमीटरच्या आसपास उरतो. तेच डोनर १० चा १८ वा घात इतकेच असते तर हाच लेयर ८७ नॅनोमीटर झाला असता. प्रत्यक्षात सगळे डोपंट सक्रिय नसतात, काही ग्रेन बाउंड्रीवर (स्फटिककणांच्या सीमेवर) किंवा वेगळ्या फेजमधे जाऊन बसतात, त्यामुळे खरा आकडा इतका टोकाचा नसेल, पण दिशा हीच. डोपिंगने इलेक्ट्रॉनची वाट सोपी केलीत आणि होलला ओढणारं फील्ड पृष्ठभागाला चिकटवून टाकलंत, शिवाय जास्तीचे डोपंट स्वतः रिकॉम्बिनेशनच्या जागा बनतात ते वेगळंच. म्हणून मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन घालायचं तर १ टक्का किंवा त्याहून कमीपासून सुरुवात करा.

मॉट-शॉटकीवरून (व्होल्टेज बदलत कपॅसिटन्स मोजण्याची पद्धत) डोनर डेन्सिटी काढणार असाल तर जपून. ते समीकरण सपाट, घट्ट फिल्मसाठी आहे, खरा पृष्ठभाग भौमितिक क्षेत्रफळाच्या कितीतरी पट असेल तर उत्तर वर्गाच्या प्रमाणात चुकतं कारण त्यात क्षेत्रफळाचा वर्ग येतो, आणि वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वेगवेगळा स्लोप येत असेल तर तो आकडा नुसता तुलनेपुरता वापरा.

इलेक्ट्रॉन अडतोय की होल हे ओळखायला एक फुकटची टेस्ट आहे आणि ती न करता लोक महिनोनमहिने डोपिंग बदलत बसतात. सल्फाइटमधेच फिल्मवर एकदा इलेक्ट्रोलाइटच्या बाजूने प्रकाश टाका आणि एकदा काचेच्या बाजूने. काचेच्या बाजूने टाकला की बहुतेक इलेक्ट्रॉन एफटीओजवळच जन्मतात, त्यांना थोडंच जायचंय पण होलला अख्खी फिल्म ओलांडायची, पुढून टाकला की उलट. काचेच्या बाजूने करंट जास्त आला तर इलेक्ट्रॉनची वाट खराब आहे, अशा वेळी थोडं डोपिंग खरंच उपयोगी पडतं. पुढून जास्त आला तर होल अडतोय, आणि तिथे डोपिंग वाढवणं म्हणजे नुकसान. डोप न केलेल्या बिस्मथ व्हॅनाडेटमधे बहुधा काचेची बाजू जिंकते. तुमची ५ टक्केवाली फिल्म आता पुढून जास्त देते का ते बघा, देत असेल तर वरचं सगळं गणित तुमच्यासमोर सिद्ध झालं. ही टेस्ट निळ्या एलईडीने करा, कारण निळा प्रकाश थोड्याच खोलीत शोषला जातो आणि फरक ठळक दिसतो, ५०० च्या आसपासचा प्रकाश पूर्ण जाडीभर शोषला जातो त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. फिल्म फारच पातळ असेल तरी फरक दिसणार नाही, त्याचा अर्थ सगळं उत्तम असा घेऊ नका.

आता इलाज. माझ्या दृष्टीने कमी मोबिलिटीच्या ऑक्साइडमधे सगळ्यात खात्रीचा उपाय एकच, होलला जायचं अंतर कमी करणं. चार्जला लांब पळायला शिकवण्यापेक्षा पृष्ठभाग त्याच्या जवळ आणणं सोपं पडतं. २०१४ मधे किम आणि चोई यांनी सायन्समधे जे काम छापलं त्यात हेच होतं: आधी बिस्मथ ऑक्सिआयोडाइडच्या पातळ पापुद्र्यांचा थर इलेक्ट्रोडिपॉझिट केला, त्यावर व्हॅनेडियमचं सोल्युशन टाकून ४५० डिग्रीला तापवलं, जास्तीचं व्हॅनेडियम ऑक्साइड सोडियम हायड्रॉक्साइडने धुवून काढलं, आणि सरासरी ७६ नॅनोमीटरच्या कणांची सच्छिद्र फिल्म मिळाली. कणाचा आकार आणि डिफ्यूजन लेंग्थ जवळपास सारखी, आणि छिद्रांमधून इलेक्ट्रोलाइट आतपर्यंत पोचतं, त्यामुळे होल कुठेही जन्मला तरी बाहेर पडायला जागा जवळच. कुठलंही डोपिंग न करता १.२३ व्होल्टला सेपरेशन ९० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. त्यांच्या कामातली धुण्याची पायरी लोक घाईत उरकतात, पण व्हॅनेडियम ऑक्साइड कणांच्या मधे राहिलं तर छिद्रं बुजतात आणि सच्छिद्र फिल्मचा सगळा फायदा जातो, पिवळ्या फिल्मवर तपकिरी-नारिंगी डाग दिसत असतील तर अजून धुवायची गरज आहे.

दुसरा रस्ता म्हणजे काम वाटून देणं. टंगस्टन ऑक्साइडमधे इलेक्ट्रॉन चांगले पळतात पण तो निळ्याच्या पुढचा प्रकाश जवळजवळ घेत नाही, बिस्मथ व्हॅनाडेट प्रकाश घेतो पण इलेक्ट्रॉन नीट नेत नाही. टंगस्टन ऑक्साइडच्या उभ्या काड्या आणि त्यांच्यावर बिस्मथ व्हॅनाडेटचा पातळ थर असं केलं की होलला थराच्या जाडीएवढंच जायचं आणि इलेक्ट्रॉन काडीत उतरून खाली निघून जातो, शिवाय दोघांच्या कंडक्शन बँडची (मोकळे इलेक्ट्रॉन जिथे फिरतात त्या ऊर्जापट्ट्याची) पातळी अशी आहे की इलेक्ट्रॉन आपोआप टंगस्टन ऑक्साइडकडेच उतरतो. पिहोश आणि सहकाऱ्यांनी २०१५ मधे अशा काड्यांवर कोबाल्ट फॉस्फेटसह ६.७ मिलिअँप दाखवले, म्हणजे ७.५ च्या मर्यादेच्या जवळपास ९० टक्के. सपाट फिल्मवर या आकड्याची स्वप्नं बघू नयेत.

तुमच्याकडे फक्त स्पिन कोटर असेल तर ग्रेडियंट डोपिंग करून बघण्यासारखं आहे. २०१३ मधे आब्दी, फान डे क्रोल आणि सहकाऱ्यांनी स्प्रे पायरोलिसिसने टंगस्टनचं प्रमाण काचेकडे १ टक्का आणि पृष्ठभागाकडे शून्य असं पायरीपायरीने उतरवत नेलं. प्रत्येक पायरीवर फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची सरासरी पातळी म्हणा) जुळताना थोडं थोडं बँड बेंडिंग तयार होतं आणि फील्ड नुसतं इलेक्ट्रोलाइटजवळ न राहता अख्ख्या जाडीत पसरतं. सेपरेशन जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत गेलं आणि खाली दोन जंक्शनचा अमॉर्फस सिलिकॉन सेल जोडून ४.९ टक्के सौर-ते-हायड्रोजन कार्यक्षमता मिळाली. यात डोपंट तोच, एकूण प्रमाणही कमी, फक्त तो कुठे आहे ते बदललं. स्पिन कोटिंगमधे दर थराला वेगळं सोल्युशन वापरून हे जमतं, पण शेवटच्या अनीलिंगचं (फिल्म भट्टीत तापवण्याचं) तापमान आणि वेळ मर्यादेत ठेवा, नाहीतर डोपंट पसरून ग्रेडियंटच पुसला जातो.

काचेकडच्या बाजूकडे सहसा कुणी बघत नाही, पण तिथेही बरंच मरतं. एफटीओच्या पृष्ठभागावर डिफेक्ट स्टेट असतात, बिस्मथ व्हॅनाडेटचा होल तिथे पोचला की लगेच रिकॉम्बाइन होतो. मधे टिन ऑक्साइडचा पातळ थर घातला की त्याचा व्हॅलन्स बँड (होल ज्या ऊर्जापट्ट्यातून जातात तो) इतका खोल असतो की होल आत शिरूच शकत नाही, परत फिरतो, पण इलेक्ट्रॉनला आडकाठी होत नाही. हे २०११ मधेच दाखवलं गेलंय आणि करायला फारच सोपं आहे. थर घट्ट हवा, पिनहोल नकोत, आणि फार जाड केला तर रेझिस्टन्स वाढतो. काचेच्या बाजूने प्रकाश टाकल्यावर करंट अपेक्षेपेक्षा कमी येत असेल तर हा उपाय आधी करा. सच्छिद्र फिल्ममधे याचा अजून एक फायदा, छिद्रांतून कॅटॅलिस्ट थेट एफटीओला टेकला की तिथून इलेक्ट्रॉन उलटे कॅटॅलिस्टमधे शिरतात आणि होलना खातात, ही गळती खालच्या घट्ट थराने बरीच थांबते.

वरच्या थराबद्दल थोडंच लिहितो कारण तुमचा प्रश्न सध्या तिथे नाहीये. किम आणि चोई यांनी आयर्न ऑक्सिहायड्रॉक्साइड आतून आणि निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड बाहेरून असा दुहेरी थर वापरला, त्यामागचा विचार चांगला आहे: लोहाचा थर बिस्मथ व्हॅनाडेटशी जोडताना कमी रिकॉम्बिनेशन करतो, निकेलचा थर इलेक्ट्रोलाइटच्या बाजूला जास्त अनुकूल पडतो, आणि एकट्या निकेलचा थर थेट लावला की आतल्या सांध्यावर नुकसान होतं. कॅटॅलिस्ट निवडताना तो किती वेगाने ऑक्सिजन काढतो यापेक्षा सेमिकंडक्टरशी त्याचा सांधा कसा बसतो हे बघावं असं मला वाटतं.

फेरोइलेक्ट्रिक थर (ज्यात स्वतःचंच कायमचं इलेक्ट्रिक फील्ड असतं असा) किंवा विशिष्ट क्रिस्टल फेस उघडे ठेवून सेपरेशन वाढवण्याबद्दलही बरेच जण विचारतात. बिस्मथ व्हॅनाडेटच्या क्रिस्टलवर इलेक्ट्रॉन एका फेसवर आणि होल दुसऱ्यावर जमतात हे २०१३ मधे ली त्सान यांच्या ग्रुपने सुंदर दाखवलं होतं, पावडर फोटोकॅटॅलिस्टसाठी ते फार महत्त्वाचं आहे. इलेक्ट्रोडमधे मात्र इलेक्ट्रॉन न्यायला बाहेरची वायर आहेच, तेव्हा जाडी, छिद्रं आणि खालचा थर हे ठीक झाल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

अजून एक. आकडा खरा आहे ना ते आयपीसीई (एकेका तरंगलांबीला पडलेल्या फोटॉनपैकी किती करंटमधे बदलतात) घेऊन तपासा. झेनॉन लँपमधे अल्ट्राव्हायोलेट आणि निळा भाग सूर्यापेक्षा जास्त असू शकतो, आणि बिस्मथ व्हॅनाडेट नेमका तोच भाग खातो, त्यामुळे पॉवर मीटर १०० मिलिवॉट दाखवत असला तरी करंट फुगलेला असू शकतो. आयपीसीईचा कर्व्ह एएम १.५ जी या प्रमाणित सूर्यप्रकाशाच्या स्पेक्ट्रमशी गुणून इंटिग्रेट केला की जो करंट येतो तो लँपखालच्या करंटशी जुळला पाहिजे. आयपीसीईसुद्धा त्याच पोटेन्शियलला घ्यायची, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पुढचा महिना असा घालवला असता: टिन ऑक्साइडच्या पातळ थरावर तीन फिल्म, एक डोप न केलेली, एक १ टक्का मॉलिब्डेनमची, एक तुमची ५ टक्केवाली, तिघींची जाडी सारखी आणि १०० नॅनोमीटरच्या आसपास, कुठलाही कॅटॅलिस्ट नाही. प्रत्येकीचे पाण्यातले आणि सल्फाइटमधले कर्व्ह, पुढून आणि मागून, शिवाय चॉपरने प्रकाश चालू-बंद करून. चॉपरमधे पाण्यात प्रकाश पडताक्षणी टोकदार स्पाइक येऊन खाली बसत असेल तर पृष्ठभागावर होल साचतायत, आणि तोच स्पाइक सल्फाइटमधेही राहिला तर संशय फिल्मच्या आत किंवा एफटीओच्या सांध्यावर घ्यायचा. मग त्याच कृतीने जाडी दुप्पट करून परत मोजा. १ टक्केवाली फिल्म पुढून आणि मागून जवळपास सारखं देत असेल तर इलेक्ट्रॉनचा प्रश्न सुटला असं धरा आणि थेट सच्छिद्र फिल्मकडे वळा. हे कर्व्ह, फिल्मची जाडी आणि सल्फाइट घातल्यानंतरचा पीएच एवढं कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.